पिनोकिओच्या तीन नाशपत्या

मंडळी, पिनोकिओ म्हटलं की आपल्याला त्याचं नाक आठवतं. खोटं बोललं की वाढणारं. मूळ इटालियन पुस्तकात मात्र हे नाक पहिल्यांदा वाढतं ते तिसऱ्या प्रकरणात, जेपेत्तो नावाचा गरीब कारागीर हा बाहुला लाकडातून घडवत असतो तेव्हा. तो कापत जातो तितकं ते लांबत जातं. बाहुल्याचं तोंड अजून व्हायचंच असतं. दुसऱ्यांदा वाढतं पाचव्या प्रकरणात. पोरगं भुकेनं कासावीस झालंय, चुलीवर भांडं उकळतंय असं पाहून धावतं, आणि ते भांडं निघतं भिंतीवर रंगवलेलं! तिथं नाक चार बोटं वाढतं. खोट्यापायी ते वाढायला सतरावं प्रकरण उजाडावं लागतं.

खोट्यानं वाढणाऱ्या नाकाच्या आधी भूक येते, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकाचा लेखक कार्लो लोरेन्झिनी १८२६ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला. वडील एका सरदार घराण्याकडे आचारी. भावंडं पुष्कळ, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. दुसऱ्याच्या पानात वाढलं जाणारं अन्न रोज शिजवणाऱ्या माणसाचं हे घर. ‘कोलोदी’ हे त्याच्या आईचं गाव. टोपणनाव त्यानं तिथून उचललं. इटलीच्या १८४८ आणि १८५९ अशा दोन्ही स्वातंत्र्ययुद्धांत तो स्वयंसेवक म्हणून लढला, वर्तमानपत्रं काढली, नाटकांवर लिहिलं. मुलांसाठी लिहायला लागला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. त्याची सुरुवात १८७५ मध्ये फ्रेंच परीकथांच्या भाषांतरापासून झाली. देश नुकताच एक झालेला. १८६१ मध्ये चारातल्या तिघांना अक्षरओळख नव्हती. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली ती १८७७ साली. जेपेत्तो अंगातला एकुलता कोट विकून पोरासाठी अंकलिपी आणतो आणि पोरगं ती विकून कठपुतळ्यांच्या खेळाचं तिकीट काढतं, हा प्रसंग त्या काळात वाचणाऱ्यांना किती झोंबला असेल!

आता सातवं प्रकरण जरा सावकाश पाहू. रात्री शेगडीवर पाय ठेवून झोपल्यामुळे पिनोकिओचे पाय जळून गेलेत. जेपेत्तो घरी येतो, खिशातून तीन नाशपत्या काढतो. त्या त्याच्या स्वतःच्या न्याहारीच्या. पोरगं म्हणतं, सोलून दे. जेपेत्तो सोलतो, पण सालं टाकत नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतो. मग पोरगं मधला बियांचा भाग फेकायला निघतं. जेपेत्तो तोही घेऊन सालांशेजारी ठेवतो. तिन्ही फळं संपतात. भूक अजून आहेच. मग आधी तोंड वाकडं करत सालं जातात, मग बियांचे भागही, आणि पोरगं पोटावरून हात फिरवत म्हणतं, आता बरं वाटलं. उपदेशाचं वाक्य जेपेत्तोच्या तोंडी येतं खरं, पण काम करतात ती टेबलाच्या कोपऱ्यावरची सालं.

तेराव्या प्रकरणात पिनोकिओला ठकवू पाहणारे मांजर आणि कोल्हा खानावळीत जेवतात. पोट बिघडलंय असं सांगणारं मांजर पस्तीस मासे आणि चार वाढप वजडी हाणतं. ज्याच्या मोहरांवर हे जेवण चाललंय त्या पिनोकिओला मात्र घास गिळवत नाही. पुढं जेपेत्तो महाकाय समुद्री माशाच्या पोटात दोन वर्षं जगतो, तेही त्या माशानं गिळलेल्या एका जहाजातल्या शिधासामग्रीवर: डब्यातलं मांस, बिस्किटं, मनुका, चीज, कॉफी, साखर.

गोष्ट ‘जोर्नाले पेर ई बांबीनी’ या मुलांच्या साप्ताहिकात जुलै १८८१ पासून येऊ लागली. ऑक्टोबरमध्ये पंधराव्या प्रकरणात लुटारू पिनोकिओला झाडाला फासावर लटकवतात आणि तिथं कोलोदीनं गोष्ट संपवली होती. पुढचे भाग हवेत असा आग्रह झाला, म्हणून फेब्रुवारी १८८२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. छत्तीस प्रकरणांचं पुस्तक १८८३ चं. हा सांधा नीट पाहावा. पंधराव्या प्रकरणात निळ्या केसांची लहान मुलगी खिडकीतून म्हणते, ‘मी मेलेली आहे’; पुढच्या भागात तीच परी होते.

संक्षिप्त आवृत्त्यांत नेमकं चुकतं ते इथं. पानं कमी करायची म्हणून नाशपत्या, खानावळ, रंगवलेलं भांडं आधी उडतात. नाक आणि परी राहतात. मग शहाणपणाचा डोस तेवढा उरतो. १९४० च्या डिस्नेपटानं तर उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओचा सोबती केलं. पुस्तकात पिनोकिओ चौथ्याच प्रकरणात त्याला लाकडी हातोडा फेकून मारतो. आजी-आजोबांनो, मुलांना वाचून दाखवायचं असेल तर निदान चौथं ते सातवं अशी चार प्रकरणं न कापता, एका बैठकीत वाचा. शेवटाचं वजन त्यांच्यावरच आहे.

शेवटी आजारी जेपेत्तोला पेलाभर दूध हवंय. पैसे नाहीत. मळेवाला म्हणतो, रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढ, दूध घे. पिनोकिओ ओढतो, डोक्यापासून पायापर्यंत घामानं निथळतो. हे काम आजवर माझं गाढव करायचं, मळेवाला सांगतो, आता ते मरायला टेकलंय. पिनोकिओ गोठ्यात जातो. भुकेनं आणि कष्टानं झिजलेलं ते गाढव गवतावर पडलेलं असतं. तो गाढवांच्या बोलीत त्याला नाव विचारतो. ते डोळे उघडतं आणि नाव सांगतं: लुचीन्योलो. खेळण्यांच्या देशात त्याच्यासोबत गेलेला आणि तिथं त्याच्यासारखाच गाढव झालेला त्याचा वर्गमित्र.