नदीपलीकडचं म्युझियम

वॉशिंग्टनला आलेला पाहुणा संसद बघतो, लिंकनचं स्मारक बघतो, स्मिथसोनियन या संस्थेची भली मोठी म्युझियम बघून दमतो. जवळच ॲनाकॉस्टिया नदी वाहते, पण ती ओलांडून पलीकडे जाणारे थोडे. आज आपण जाऊया, पलीकडच्या ॲनाकॉस्टिया वस्तीतल्या ॲनाकॉस्टिया म्युझियममध्ये.

1854 साली ही वस्ती आखली गेली, तेव्हा इथला प्लॉट काळ्या माणसाला विकायचा नाही, अशी अटच होती. आयरिश माणसालाही नाही. त्याच वस्तीतल्या टेकडीवर 1877 मध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी घर घेतलं. गुलामीत जन्मलेला, मालकाच्या तावडीतून निसटलेला माणूस. ते घर आजही उभं आहे.

1960च्या दशकात इथे बहुतेक काळी कुटुंबं राहत होती. ही माणसं आपल्या म्युझियममध्ये येत नाहीत, हे स्मिथसोनियनचे प्रमुख डिलन रिप्ली यांना खुपत होतं. मग म्युझियमच नदीपार न्यायचं ठरलं. जागा मिळाली कार्व्हर थिएटरची, एका जुन्या सिनेमागृहाची. संचालक नेमले जॉन किनार्ड, तिशीतले पाद्री. म्युझियमचा अनुभव शून्य, पण लोकांमध्ये वावरलेले. 15 सप्टेंबर 1967 ला दारं उघडली. आत 1890 सालचं एक दुकान हुबेहूब मांडलं होतं. लोणी घुसळून बघा, कॉफी दळून बघा! शेजारी चक्क अंतराळवीर ज्यात बसून जातो ती अवकाशकुपी.

मला मात्र हे म्युझियम आवडतं ते उंदरांमुळे.

इथे येणारी मुलं बोलता बोलता घरातल्या उंदरांच्या गोष्टी सांगायची. हे ऐकून एखाद्याने विषय बदलला असता. किनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये त्यावर अख्खं प्रदर्शन उभं केलं. नाव ठेवलं, 'उंदीर : माणसानेच बोलावलेलं संकट'. कचऱ्याने भरलेलं परसदार, आणि त्यात खरेखुरे, जिवंत उंदीर. ते कसे वाढतात, कोणते रोग पसरवतात, त्यांचा बंदोबस्त कसा करायचा, सगळं तिथे समजावलेलं. घरी ज्याची लाज वाटायची, ते मुलांना इथे काचेपलीकडे दिसलं, आणि त्याबद्दल मोठ्याने प्रश्न विचारता आले.

पुढे डग्लस यांच्यावर प्रदर्शन झालं, वस्तीच्या इतिहासावर झालं. 1987 मध्ये म्युझियम फोर्ट स्टँटनजवळच्या नव्या इमारतीत गेलं. दोनच वर्षांनी किनार्ड वारले. तोवर संचालक तेच होते.