कर्नी रस्त्यावरची म्हातारी माणसं

नमस्कार. चिनी पंचांगात नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी छोंगयांग नावाचा सण येतो. त्या दिवशी टेकडी चढायची, शेवंती घालून मुरवलेली दारू प्यायची, पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन यायचं. चीन सरकारने १९८९ साली हाच दिवस ज्येष्ठांचा म्हणून जाहीर केला. परदेशातल्या चिनी वस्त्यांतही एकाच आडनावाच्या लोकांच्या जुन्या संस्था आपल्या वडीलधाऱ्यांना मानाने जेवायला बोलावतात. हे चांगलंच आहे. पण जेवण आटोपल्यावर ही म्हातारी माणसं परत जातात कुठे, हे मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधले कितीतरी वृद्ध एका खोलीत राहतात. खाट टाकली की उरते ती चालण्यापुरती जागा. मोरी आणि चूल मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून. म्हणून दिवस उजाडला की माणसं पोर्ट्समाउथ चौकात येतात. चिनी बुद्धिबळाचा पट मांडला जातो, पत्त्यांचे डाव रंगतात. या चौकाला वस्तीचा दिवाणखाना म्हणतात, ते अगदी खरं आहे.

यातल्या आधीच्या पिढीचा एकटेपणा कायद्याने लादलेला होता. १८७५च्या कायद्याने चिनी बायकांना अमेरिकेची दारं जवळजवळ बंद झाली, १८८२च्या कायद्याने मजुरांना. कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईशी लग्न करायलाही मनाई. अमेरिकेत येण्यावरची बंदी उठली १९४३ साली, तोवर कितीजणांची उमेद सरून गेली होती! ना बायको, ना मुलंबाळं. असे पुरुष भाड्याच्या खोलीत म्हातारे झाले.

चायनाटाउनला लागून असलेल्या कर्नी रस्त्यावरच्या इंटरनॅशनल हॉटेलात असेच फिलिपिनो आणि चिनी वृद्ध राहत होते. १९६८ साली त्यांना जागा सोडायची नोटीस आली. इमारत पाडून तिथे गाड्यांचा तळ करायचा होता. लढा नऊ वर्षं चालला, आणि त्यात कलेला काम होतं. १९७२ साली याच इमारतीच्या रस्त्यालगतच्या गाळ्यात तरुण आशियाई कलावंतांनी ‘कर्नी स्ट्रीट वर्कशॉप’ सुरू केलं. रेशमी जाळीतून शाई दाबून पोस्टर छापायचं तंत्र तिथे शिकवत. ती पोस्टरं लढ्यासाठी भिंतींवर लागत. नातवाच्या वयाची पोरं आणि वरच्या मजल्यांवरची ही माणसं, एकाच छपराखाली.

४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलीस आले. हजारो लोक हातात हात गुंफून इमारतीभोवती उभे होते. आधी कारवाईला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेल्या शेरीफनेच, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यानेच, त्या दिवशी घण उचलून दार फोडलं. सगळ्यांना बाहेर काढलं. दोन वर्षांत इमारत पाडली, आणि जागा कितीतरी वर्षं रिकामा खड्डा होऊन राहिली. २००५ साली तिथे ज्येष्ठांसाठी शंभरावर घरं उभी राहिली. लोकांनी पाठ सोडली नाही म्हणून!

आता याच वस्तीतल्या बायकांबद्दल सांगतो. १९३८ साली उघडलेला ‘फॉरबिडन सिटी’ हा नाइट क्लब चिनी नर्तकींसाठी गाजला होता. त्या काळच्या नर्तकींनी म्हातारपणी ‘ग्रँट अव्हेन्यू फॉलीज’ नावाचा संच काढला. टिकल्यांचे झगमगते पोशाख, डोक्यावर पिसांचे तुरे, आणि बुटांच्या टाचांनी ताल धरणारा टॅप नाच. कोबी यी ही एकेकाळची तारका आपले पोशाख स्वतः शिवायची आणि नव्वदी ओलांडली तरी नाचायची. वृद्धाश्रमांत या बायका कार्यक्रम करतात, तेव्हा समोर त्यांच्याच वयाचे लोक बसलेले असतात.

२०२१ साली आशियाई वृद्धांवर रस्त्यात होणारे हल्ले वाढले. तेव्हा या आज्यांनी चक्क रॅप गायलं. त्याला नाव दिलं कोंबडीच्या पिसांच्या झाडूचं. चिनी घरात आई धूळही त्यानेच झटकते आणि व्रात्य पोरांना दोन फटकेही त्यानेच देते. वस्तीतल्या हजार भाषणांपेक्षा त्या रॅपमध्ये जास्त धमक होती, असं माझं मत आहे.