खाटेवरचं वय

[दृश्य : सकाळची वेळ. नाशिकमधल्या एका रुग्णालयाचा वॉर्ड. ड्यूटी बदलते आहे.]

रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरांना पेशंट सोपवताहेत. चार नंबर, हाताला मार, वय २२. सहा नंबर, शुगर वाढलेली, इन्सुलिन सुरू, वय ४८. अकरा नंबर, खुब्याचं ऑपरेशन, वय ७८. बीपी, सलाईन, लघवीचं माप, सगळं लिहिलेलं आहे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातले शेवटचे तीन मोठ्या माणसांचे. तरुणपणी जवळच्या माणसाची ओढ आणि एकटं पडण्याची धास्ती. मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काही उभं करायची धडपड. उतारवयात मागे वळून आपल्या जगण्याचा हिशेब. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे टप्पे तोंडपाठ असतात. १९९८ साली स्थापन झालेलं राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे आणि महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या बहुतेक पदव्या तिथून मिळतात. परीक्षेत लिहिलेलं खाटेजवळ कसं उतरतं, ते आम्हाला बघायचं होतं.

[दृश्य : चार नंबरची खाट. पट्टी बांधलेला हात.]

सातपूरच्या कारखान्यात प्रेसखाली बोटं सापडली. सिस्टर मुलाला विचारतात, उत्तर आई देते. झोप लागली का? आई सांगते. दुखतंय का? तेही आईच सांगते. सिस्टर तिला औषधं आणायला मेडिकलवर पाठवतात, पडदा ओढतात आणि ड्रेसिंग करता करता त्याच्याशीच बोलतात. तेव्हा कुठे तो विचारतो, "सिस्टर, हात असाच दिसणार का? लग्नाचं बघताहेत घरी." अठरा पूर्ण झालेल्या माणसाच्या उपचारांना संमती त्याची स्वतःची लागते, मग माहितीही आधी त्यालाच मिळायला हवी.

[दृश्य : द्राक्षबाग. छाटणीनंतर फुटलेले कोंब. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर.]

सहा नंबरचे काका निफाड तालुक्यातले बागाईतदार. डिस्चार्जच्या दिवशी त्यांना ठरलेलं वाक्य सांगता आलं असतं : सकाळी न्याहारीआधी अर्धा तास इंजेक्शन घ्या, वेळेवर जेवा. काकांनी मान डोलावली असती आणि घरी गेले असते. सिस्टरांनी आधी वेगळंच विचारलं. "काका, छाटणीनंतर पाऊस झाला तर सकाळी काय करता?"

ज्यांची बाग आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. रात्री पाऊस पडून गेला, तर डावणीच्या, म्हणजे द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगाच्या भीतीने माणूस पहाटेच फवारणीला निघतो. न्याहारी दहाला, कधी अकराला. इन्सुलिन टोचून असं उपाशी राहिलं की शुगर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो. बागेत त्या घामाला उन्हाचा घाम समजतात, आणि खरा धोका तिथेच आहे. म्हणून काकांना सांगितलं गेलं : आधी खाण्याची सोय, मगच सुई. खिशात साखरेची पुडी. थरथर सुटली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा साखर घ्यायची. नंतर पोटभर खायचं.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता हेच मला काकूंना सांगितल्यासारखं सांगा." काका साखरेपर्यंत नीट आले आणि पुन्हा तपासायचं विसरले. ते परत समजावलं. या वयातल्या माणसाच्या डोक्यावर मुलाची फी असते, आईवडिलांचं दुखणं असतं, सोसायटीचं कर्ज असतं. स्वतःची तब्येत यादीत सगळ्यात खाली. तिला वर आणायचं तर बोलणं त्याच्या कामातूनच सुरू करावं लागतं, असं आमचं ठाम मत झालं आहे.

[दृश्य : अकरा नंबरची खाट. उशाशी पाण्याचा तांब्या.]

पंचवटीतल्या आजी ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री बरळू लागल्या. सलाईन ओढली, सुनेला ओळखेनात. "वय झालं, चालायचंच," असं नातेवाईक म्हणाले. हे वाक्य ऐकलं की आम्हाला वाईट वाटतं. विसराळूपणाचा आजार महिनोन् महिने हळूहळू वाढतो. एका रात्रीत आलेला गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा डेलिरियम, आणि त्यामागे कारण शोधावं लागतं. वेदना, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अंगातलं कमी झालेलं पाणी, एखादं औषध. सिस्टरांनी रात्रीच डॉक्टरांना बोलावलं. लघवी तुंबली होती, ती मोकळी केली.

सकाळी सिस्टर खाटेशी स्टूल घेऊन बसल्या. खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल अशा. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ निसटतात. ओरडून बोललं की आवाज आणखी चढतो आणि शब्द फुटतात. म्हणून जरा खालच्या पट्टीत, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट. "आजी, मी सिस्टर. आज गुरुवार आहे. तुम्ही दवाखान्यात आहात." चष्मा सुनेच्या पर्समध्ये होता, तो चढवला.

दुपारपर्यंत आजी सिंहस्थाच्या गोष्टी सांगू लागल्या. २००३ साली घरात किती पाहुणे उतरले होते, किती पिठलं-भाकरी झाली. उतारवयातल्या अशा आठवणींना पूर्वी नुसती बडबड समजत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली दाखवून दिलं की म्हाताऱ्या माणसाला त्या उजळणीची गरज असते. सिस्टर ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता आजींना पाय हलवायला लावत होत्या.

एवढ्या पेशंटमध्ये वेळ कुठे असतो? प्रश्न रास्त आहे. सिस्टर कमी आहेत, त्या वाढायलाच हव्यात. तोवर घरच्यांना बरंच करता येईल. वयस्कर माणूस भरती झालं की चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र सेलसकट सोबत आणा. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, एरवी रात्री झोप कशी लागते, ते पहिल्याच दिवशी सिस्टरांना सांगा. वागण्यात एकाएकी फरक दिसला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. त्याच रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरांना उठून सांगा.