चार कार्डं एकदम मरत नाहीत

(दृश्य: मध्यरात्र. रावपुऱ्याचा पावसाने ओला रस्ता. मग टेलिफोन एक्सचेंजची स्विचरूम, रॅकच्या रांगा.)

निवेदन: बझर वाजला की नव्या माणसाचा हात आधी आवाज बंद करायच्या बटणाकडे जातो. बटण दाबलं, बझर गप्प. पॅनेलवरचा लाल दिवा मात्र तसाच. ते बटण फक्त कानांसाठी असतं.

आज रात्रपाळीला दोघंही बडोद्याचे मराठी. एक निवृत्तीला आलेले काका, दुसरा दांडिया बाजारातला, नुकता नोकरीला लागलेला पोरगा. आपसात मराठी, बाहेरच्या फोनवर गुजराती, आणि लॉगबुक इंग्रजीत.

स्विच, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारं यंत्र, सी-डॉटचा; सी-डॉट म्हणजे दूरसंचाराची यंत्रं देशातच घडवणारी सरकारी संस्था. ही संस्था 1984 साली सुरू झाली आणि ती उभारण्यात पुढे असलेले सॅम पित्रोदा इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. बडोदेकर हे सांगायची संधी सोडत नाहीत, मग आपण तरी का सोडावी?

(दृश्य: प्रिंटरमधून सरकणारा कागद.)

कागदावर ओळींमागून ओळी. सूरतकडच्या चार लाईन बंद, सिग्नलिंग लिंक (कॉल जोडायचे-तोडायचे निरोप नेणारी वाट) बंद, ट्रंक ग्रुप (तिकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांचा गट) बंद. एकेक लाईन 2.048 मेगाबिटची. तिच्यात 32 खाने: 30 बोलण्यासाठी, एक फ्रेम जुळवायला (खान्यांची मोजणी कुठून सुरू होते ते ओळखायला), एक सिग्नलिंगला. म्हणजे एका झटक्यात 120 संभाषणांची वाट अडली.

पोरगा कपाटातून नवं कार्ड, म्हणजे लाईन सांभाळणारी स्विचमधली सर्किटची पाटी, काढायला निघतो.

"काका, कार्ड बदलून बघू का?"

"थांब रे. चार कार्डं एकदम मरत नाहीत. चौघांचं सामाईक काय आहे ते बघ. आणि सगळ्यात आधी कोणती ओळ आली?"

अलार्म गंभीर आहे की किरकोळ, हे यंत्र सांगतं. पण गंभीर अलार्म म्हणजे मूळ बिघाड, असं नाही. सिग्नलिंग लिंक पडली हा सगळ्यात मोठा ओरडा. ती पडली, कारण तिला वाहून नेणारी लाईनच गेली.

लाईनचा अलार्म तर दिशाही सांगतो. समोरच्या टोकाकडून 'तुमचं ऐकू येत नाही' अशी खूण आली, तर आपलं पाठवणं वाटेत अडलंय. येणाऱ्या आकड्यांत शून्य नाहीच, नुसते 1 येत असतील, तर मधल्या कुठल्या तरी यंत्राचा निरोप आहे: बिघाड माझ्या पलीकडे. आणि काहीच येत नसेल, तर कुठेतरी जवळच शोधायचं.

आज काहीच येत नाही. चारही लाईनवर.

(दृश्य: डिस्ट्रिब्यूशन फ्रेम, म्हणजे स्विचच्या आणि बाहेरच्या वायरी जिथे जोडतात ती चौकट. काकांच्या हातात छोटी लूप वायर.)

काका फ्रेमवर स्विचकडून निघणारी वायर परत स्विचकडेच जोडतात. आपलाच आवाज आपल्याला. पहिल्या लाईनचा अलार्म तिथल्या तिथे निवतो. म्हणजे स्विचच्या बाजूला दोष नाही. नवं कार्ड परत कपाटात.

आता उरतो पलीकडचा ट्रान्समिशनचा रॅक, चारही लाईन सूरतकडे पाठवणारा. त्याला वीज मिळते 48 व्होल्टच्या बॅटरीतून, दोन-दोन व्होल्टचे 24 सेल ओळीने जोडलेले. बॅटरी ठणठणीत आहे. पण रॅकच्या माथ्यावर एका फ्यूजमधून बारीकशी रंगीत टिकली बाहेर आलीय. फ्यूज गेला की टिकली आपोआप दिसावी, म्हणूनच असले फ्यूज वापरतात. शोधायला टॉर्च लागली, कारण टिकली असते बोटाच्या नखापेक्षा लहान.

पोरगा खिशातून फ्यूज काढतो.

"किती अँपियरचा?" काका विचारतात. "तेवढाच घाल. मोठा घालून चालवलंस, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर जळेल. आधी पंखा सोडव."

रॅकचा पंखा जाम झालेला, पात्यांवर धुळीचा थर. जाम पंखा जास्त करंट ओढतो, फ्यूज त्यानेच गेला. त्याची वायर काढल्यावर नवा फ्यूज बसतो आणि टिकतो.

अलार्म आता उलट्या क्रमाने मिटतात. आधी चारही लाईन जिवंत, मग फ्रेम जुळते. सिग्नलिंग लिंक मात्र घाई करत नाही. भरवसा बसेपर्यंत ती चाचणी घेते, साधारण 8 सेकंद. पोरगा मनात मोजतो. काका तोवर पंख्याचा नंबर लिहून घेतात.

(दृश्य: लॉगबुक.)

नोंद दोन ओळींची. सकाळच्या पाळीला तोंडी निरोप वेगळा: पंखा आल्याशिवाय रॅकचं दार लावू नका, आतली गरमी वाढेल. आणि फ्यूज पुन्हा गेला, तर तिसरा घालू नका, आधी रॅकचा लोड तपासा.