एल निनो आला, म्हणजे दुष्काळ आलाच?

मंडळी, एप्रिल उजाडला की बातमी येते, प्रशांत महासागर तापतोय, एल निनो येतोय. ढग दिसायच्या आधीच बाजारात डाळीचे भाव हलतात. ही भीती अगदी निराधार नाही. १९७२चा दुष्काळ आपल्या आधीच्या पिढीनं भोगला, त्या वर्षी जोरदार एल निनो होता. पण १९९७ घ्या. विसाव्या शतकातला सर्वांत बलाढ्य एल निनो म्हणतात तो त्या वर्षीचा, आणि देशात पाऊस किती? सरासरीच्या १०२ टक्के! उलट २००२चा एल निनो त्यापुढे किरकोळ. तरी त्या जुलैत देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला, आणि हंगामात १९ टक्के तूट राहिली. हे कसं काय?

या कोड्याची सुरुवात सिमल्यात होते, हवामान खात्याचा कारभार तेव्हा तिथून चालायचा. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. हवामानाचा अनुभव जवळपास शून्य. बूमरँग कसं फिरतं याचा अभ्यास मात्र दांडगा! १८७७ आणि १८९९च्या भीषण दुष्काळांनंतर सरकारला मान्सूनचा भरवशाचा अंदाज हवा होता. वॉकरनं जगभरच्या केंद्रांचे हवेच्या दाबाचे आकडे मागवले आणि कारकुनांकडून हातानं गणितं करून घेतली. त्यातून दिसलं की प्रशांत महासागरात दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि पुढे उलटं होतं. त्यानं याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. यामागे समुद्राचं पाणी आहे, हे हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्क्नेसनं १९६९ मध्ये दाखवलं. एल निनोत प्रशांत महासागरातलं ऊबदार पाणी पूर्वेकडे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या बाजूला सरकतं. पाण्यामागून ढग आणि वर चढणारी हवाही तिकडे जाते. मग आपल्या बाजूला हवा खाली उतरायला लागते, आणि उतरत्या हवेत पाऊस धरत नाही.

पण पाणी नेमकं कुठे तापलंय, हे कुणी विचारत नाही. पेरूच्या किनाऱ्यालगत तापलं तर आपल्याला धग कमी लागते. मध्य प्रशांतात तापलं तर जास्त, आणि २००२ मध्ये तसंच झालं.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग तापून सुमात्राकडचा थंडावला, की त्याला धन डायपोल म्हणतात. तो बहुतेकदा आपल्या पावसाला हात देतो. १९९७ मध्ये तो होता. २०१९ मध्येही होता, आणि पाऊस ११० टक्के झाला. (त्या ऑगस्टच्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराचं सगळं खापर मात्र डायपोलवर फोडू नका. चार-आठ दिवसांच्या अतिवृष्टीची कारणं वेगळी, आणि नदीपात्रात आपण काय बांधलं तेही त्यातच आलं.)

सरासरी हा शब्दही जपून वापरावा. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून तासाभरात वाईला पोचा, तिथे हजाराच्याही आत. सह्याद्री ही वाटणी दरवर्षी करतो, एल निनो असो वा नसो. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला देशाची टक्केवारी सांगून काय उपयोग?

त्याला हवं असतं ते वेगळंच. पाऊस उघडीप कधी देणार? इथे मॅडन-ज्युलियन आंदोलन येतं. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा हा पट्टा साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. तो हिंदी महासागरावर असला तर पावसाला जोर मिळतो, पुढे निघून गेला की खंड पडू शकतो. २०२३ मध्ये ऑगस्टात ३६ टक्के तूट आली, १९०१पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. तरी हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला, कारण जुलै आणि सप्टेंबरनं बाजू सांभाळली. पण ऑगस्टात सुकलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसानं थोडंच उठतं?

म्हणून एप्रिलच्या अंदाजावर मी फारसा विसंबत नाही. एल निनोचं पुढे काय होणार हे वसंतात सांगणं सर्वांत अवघड, आणि हवामान खातंही मेअखेरीस आपला अंदाज सुधारतं. पेरणी, दुबार पेरणी, फवारणी यांसाठी खात्याचा दर गुरुवारी येणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज बघा. त्यातले पहिले दोन आठवडे जास्त भरवशाचे. आता तुमचे प्रश्न घेऊ.