जुनी क्लच प्लेट फेकण्याआधी

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'क्लच कसा बदलावा'. त्यावर येतोच, पण आधी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. गिअरबॉक्स उतरवायला अर्धा दिवस घाम गाळायचा आणि जुनी क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, उलटूनही न बघता भंगारात भिरकावायची! अहो, दुखणं कशाचं होतं ते त्या प्लेटवरच उमटलेलं असतं.

मुळात गिअरबॉक्स उतरवणं गरजेचं आहे का? चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, तर पेडल दाबूनही प्लेट पुरती सुटत नाहीये. अशा वेळी आधी केबलचा प्ले (ढिलेपणा) किंवा हायड्रॉलिक लाइनमधली हवा तपासा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग), दाबल्यावर थांबली तर इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. हे ऐकताना गाडीतली गाणी बंद ठेवावीत. हसताय, पण ठेवत कुणी नाही.

आता प्लेट हातात घ्या. दोन्ही बाजू सारख्या झिजून लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलं असेल, तर तिनं आपलं आयुष्य पुरं केलं. लायनिंग भरपूर शिल्लक आहे, पण चकाकतंय, फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाचं जड चाक, प्लेट त्यावरच दाबली जाते) निळे डाग आहेत, तर कारण बहुधा पेडलवर टेकवून ठेवलेला पाय. लायनिंग तेलकट असेल, तर तेल आलं कुठून ते शोधा. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) बाजूनं ओघळ असेल तर इंजिनचा मागचा ऑइल सील, इनपुट शाफ्टच्या बाजूनं असेल तर गिअरबॉक्सचा. गिअर ऑइलला बहुधा गंधकासारखा उग्र वास येतो. हबपासून (प्लेटच्या मधल्या भागापासून) बाहेर किरणांसारखे शिंतोडे दिसले, तर मागच्या वेळी कुणीतरी स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) सढळ हातानं ग्रीस चोपडलंय! सील तोच ठेवून नवी प्लेट टाकलीत, तर तीही तेल पिणार.

घड्याळ दाखवताहेत. बरं, बसवणं भराभर सांगतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इंजिनला खालून आधार द्या. आतली धूळ हवेच्या दाबानं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. प्लेट, ती फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसा. स्प्लाइनला ग्रीसचा पुसट हात, जास्तीचं पुसून टाका. प्लेटवर लिहिलेली फ्लायव्हीलची बाजू फ्लायव्हीलकडेच. सेंटरिंग टूल (प्लेट बरोबर मध्यावर धरणारं) घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळा.

गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. शेवटच्या बोटभर अंतरावर अडला, तर बोल्ट आवळून ओढायचा नाही. मागे घ्या, सेंटरिंग पुन्हा बघा.

हो हो, उठतोच. ॲक्सल काढताना गिअरबॉक्समधलं ऑइल गेलेलं असतं, ते भरल्याशिवाय किल्ली फिरवू नका.