आधी चित्र नाही, आधी प्रश्न

फॅन लोकांनी मिळून नवा पोकेमॉन बनवायचा, तर त्याची मूळ कल्पना, म्हणजे कॉन्सेप्ट, मांडायचा एक फॉर्म असतो. त्यावर मोजकेच रकाने आहेत. नाव, थोडक्यात वर्णन, हे कशाला करायचं, यातून कुठले प्रश्न तपासायचे, आणि शेवटी मोकळं स्पष्टीकरण. चित्र चिकटवायला जागा नाही. प्राणी आगीचा की पाण्याचा, तेही इथे ठरवायचं नसतं, त्याची पाळी पुढे येते.

स्मोगॉन या पोकेमॉन लढतींच्या वेबसाइटवरचे लोक 2007 पासून हे करतायत. क्रिएट अ पोकेमॉन, लाडाने कॅप. निनटेंडोचा काडीचा संबंध नाही, सगळा फॅन लोकांचा उद्योग, एकेक टप्प्यावर चर्चा, मग मतदान, म्हणजे टाइप (आग, पाणी वगैरे जात), अ‍ॅबिलिटी (अंगची खास खुबी), स्टॅट्स (ताकद, वेग यांचे आकडे), मूव्ह्ज (डावपेच), आणि शेवटी तो पोकेमॉन शोडाउन नावाच्या ऑनलाइन लढतींच्या साइटवर खरोखर खेळायला मिळतो. पण या सगळ्याच्या आधी कॉन्सेप्ट. आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडकते.

कारण आपल्या डोक्यात आधी प्राणीच येतो ना! तीन डोक्यांचा ड्रॅगन, पाठीवर ज्वालामुखी वगैरे. मी पण शाळेत वहीच्या मागच्या पानांवर असले ढिगाने काढलेत. भारी दिसायचे, पण मॅचमध्ये हा करणार काय, असं कोणी विचारलं असतं तर माझी बोलती बंद.

आता कॅपमधलाच हा बघा, वूडूम. याच्या कॉन्सेप्टचं नाव होतं परफेक्ट मेट. म्हणजे फारसा न वापरला जाणारा एक पोकेमॉन निवडायचा आणि त्याला अगदी फिट बसेल असा जोडीदार बनवायचा, बस्स. निवडला टोगेकिस. गेम्सच्या चौथ्या पिढीत टोगेकिस नॉर्मल-फ्लाइंग होता, त्यामुळे वीज, बर्फ आणि दगड या तिघांना घाबरायचा. मग वूडूमला फायटिंग-डार्क टाइप मिळाला आणि व्होल्ट अब्सॉर्ब ही अ‍ॅबिलिटी. मॅचमध्ये हे असं दिसतं: समोरचा टोगेकिसवर विजेचा मूव्ह थंडरबोल्ट टाकणार असा अंदाज आला की टोगेकिस आत, वूडूम बाहेर, आणि ती वीज वूडूम चक्क पिऊन टाकतो, वर पाव एचपी, म्हणजे जीव, भरून मिळतो. दगडाचा मारही त्याला अर्धाच लागतो. एका ओळीचा कॉन्सेप्ट, पण पुढचा प्रत्येक वाद त्याच ओळीवर तपासता येतो, की बाबा याने टोगेकिसचं काही भलं होतंय का?

आणि मग कॅपमधलाच दुसरा, ऑरुमॉथ.

टाइप बग-सायकिक, दिसायला सोनेरी पतंग-किडा, कॉन्सेप्ट रिस्की बिझनेस. वापरणाऱ्याने धोका पत्करायचा, जमलं तर मोठा फायदा, फसलं तर वाट. माझ्या मते कागदावर इतका मस्त कॉन्सेप्ट क्वचितच आला असेल. अ‍ॅबिलिटी पण शोभणारी, वीक आर्मर, म्हणजे फिजिकल मार बसला की डिफेन्स घसरतो पण स्पीड वाढतो. दुसरी नो गार्ड, आपले मूव्ह चुकत नाहीत आणि समोरच्याचेही नाहीत. इथवर ठीक.

पण स्टॅट्सची बेरीज गेली थेट 600 पर्यंत, ड्रॅगोनाइटसारख्या तगड्या पोकेमॉनच्या पंगतीत. स्पेशल अटॅक आणि स्पीड वाढवणारा क्विव्हर डान्स पण दिला, टेल ग्लो पण दिला, जो एकदा मारला की स्पेशल अटॅक थेट अडीच पट. मेगाहॉर्नसारखा 85 टक्केच लागणारा मूव्ह नो गार्डमुळे दरवेळी लागायला लागला. त्यात तिसरी अ‍ॅबिलिटी इल्यूजन, म्हणजे हा टीममधल्या शेवटच्या गड्याचं रूप घेऊन येणार, मार बसेपर्यंत ऑरुमॉथ आलाय हेच कळत नाही. एकेक गोष्ट देताना प्रत्येक वेळी कॉन्सेप्टमध्ये बसते असंच वाटलं असणार, बेरीज मात्र भलतीच झाली.

मॅचमध्ये चित्र उलटंच. धोका पत्करायचा होता ऑरुमॉथवाल्याने आणि घाम फुटतोय समोरच्याला, की बाबा हा आता डान्स करणार, टेल ग्लो मारणार की सरळ मेगाहॉर्न घालणार, आणि मुळात हा तोच आहे ना?